बेपत्ता पेशवा आणि इंदूरची कोठी

सन १८७४ च्या ऑक्टोबर महिन्याच्या पहिल्या तारखेस इंदूरच्या रेसिडेन्सीत सादतखान नावाच्या एका मनुष्यास फाशी देण्यात आले. हा मनुष्य सतरा वर्षे नाहीसा झालेला होता. १ जुलै १८५७ रोजी होळकरांच्या फौजेतील ज्या लोकांनी रेसिडेन्सीवर तोफा डागल्या त्यांचा तो पुढारी. त्या दिवशी हंगामी एजंट कर्नल ड्युरांड साहेबास बायकामुलांसह कोठी सोडून भोपाळजवळील सीहोराकडे पळावे लागले होते. पुढे बंडाचा मोड झाला, पुष्कळांस शिक्षा झाल्या, परंतु सादतखान हाती लागला नाही. राजपुतान्यात तो नाव लपवून राहिला आणि अखेर १८७४ साली सापडला. सतरा वर्षांचा हिशेब सरकारने अशा रीतीने पुरा करून घेतला.

ही गोष्ट ताजी असतानाच, त्याच ऑक्टोबर महिन्यात, ग्वाल्हेरीहून बातमी आली की, नानासाहेब पेशवे सापडले आहेत!

त्या काळी ग्वाल्हेर संस्थान मध्य हिंदुस्थानच्या एजन्सीत मोडत असे व त्या एजन्सीचे मुख्य ठाणे इंदूर येथे होते. गव्हर्नर-जनरलचे एजंट त्या वेळी सर हेन्री डेली, ज्यांचे नाव पुढे इंदूरच्या डेली कॉलेजास मिळाले. तेव्हा ज्या कोठीने महिनाभरापूर्वी एका बेपत्ता माणसाचा निकाल लावला होता, तिच्याच अमलाखालील मुलखात आता दुसरा, सर्व हिंदुस्थानातील सर्वांत मोठा बेपत्ता मनुष्य उभा राहिला. पहिला खरा होता. दुसऱ्याविषयी काय झाले ते सांगण्यापूर्वी थोडे मागे गेले पाहिजे.

रहस्यकादंबऱ्या वाचणाऱ्यांस ठाऊक आहे की, त्या कथांचा एक अलिखित करार असतो. पहिल्या प्रकरणात मनुष्य नाहीसा होतो. शेवटच्या प्रकरणात तो किंवा त्याचे प्रेत सापडते. मधली सगळी पाने ही वाचकाची करमणूक. इतिहासाने हा करार कधीच मान्य केलेला नाही. नानासाहेबांच्या बाबतीत तर त्याने वाचकास शेवटचे प्रकरण दिलेच नाही. आणि निराळ्या लोकांनी आपापल्या गरजेप्रमाणे ते लिहून घेतले.

नानासाहेबांचा जन्म १८२४ साली कर्जतजवळील वेणगाव येथे झाला. म्हणजे हा पुरुष मूळचा कोकणातला. आईबापांबरोबर तो ब्रह्मावर्तास गेला आणि १८२७ साली दुसऱ्या बाजीरावांनी त्यास दत्तक घेतले. १८५१ च्या जानेवारीत बाजीराव वारले. त्यांना मिळत असलेले आठ लाखांचे वार्षिक पेन्शन कंपनीने दत्तकास नाकारले. अजीमुल्लाखानास विलायतेस पाठवून दाद मागितली, ती व्यर्थ गेली. हे सर्व वाचकांच्या परिचयाचेच आहे. जून १८५७ मध्ये कानपूरचा वेढा, २७ जून रोजी सतीचौरा घाटावरील कत्तल, आणि १५ जुलै रोजी बिबीघरात सुमारे दोनशे स्त्रिया व मुले यांची हत्या. या शेवटच्या प्रकाराबद्दल मराठी लेखणी अनेकदा अडखळते. अडखळण्याचे कारण नाही. कृत्य क्रूर होते, यात दोन मते होऊ नयेत; त्याची आज्ञा कोणाची, एवढाच वाद आहे. पुढे इंग्रज सैन्याने खेडोपाडी जे केले त्याने बिबीघराचे पाप धुऊन निघत नाही, आणि बिबीघराने त्या सैन्याचेही नाही.

१७ जुलै रोजी कानपूर इंग्रजांनी परत घेतले. ब्रह्मावर्तचा वाडा जमीनदोस्त झाला. नानासाहेब अयोध्या प्रांतात निसटले. त्यांच्यावर एक लाख रुपयांचे इनाम लागले. १८५८ च्या अखेरीस राप्ती नदी ओलांडून बेगम हजरत महल, बाळाराव, नानासाहेब व त्यांच्या घरच्या स्त्रिया नेपाळच्या तराईत शिरल्या. तेथून एप्रिल १८५९ मध्ये नानांनी इंग्रज सरकारास लेखी इश्तिहार पाठविला. त्याचा मतलब असा की, स्त्रिया व मुले यांच्या हत्येशी आपला संबंध नाही, ते काम शिपायांचे व गुंडांचे; राणीच्या जाहीरनाम्याने इतरांना क्षमा मिळते तर आपणांसच का नाही? मेजर रिचर्डसनने उत्तर दिले. ज्याने खून केला नाही त्याने हजर होऊन तसे सिद्ध करावे, असा त्याचा आशय होता. नानांना हे मान्य होण्यासारखे नव्हते. पत्रव्यवहार तेथेच खुंटला. नानासाहेबांच्या हयातीचा निर्विवाद पुरावा या एप्रिल महिन्याच्या पलीकडे जात नाही.

त्यानंतर नेपाळातून बातमी आली की, तराईच्या तापाने सप्टेंबर १८५९ मध्ये नाना मरण पावले. बाळारावही गेले. बायका काठमांडूस जंगबहादुराच्या आश्रयास राहिल्या. आता ही बातमी देणारा जंगबहादूर, आणि त्याला नाना जिवंत नसणे सर्वांत सोयीचे. मित्र इंग्रजांना तोंड द्यावयाचे नाही आणि शरण आलेल्या ब्राह्मणास पकडून दिल्याचे पातकही नको! अशा साक्षीदाराची साक्ष कोणता न्यायाधीश डोळे झाकून घेईल? इंग्रजांनीही घेतली नाही. पण ती खोटीच होती असे म्हणण्यासही आधार नाही. तराईच्या त्या पावसाळ्यात शेकडो माणसे खरोखरच तापाने गेली.

येथे आपल्या धर्मशास्त्राची एक व्यवस्था आठवते. परदेशी गेलेल्या मनुष्याची बारा वर्षे वार्ता लागली नाही तर निबंधग्रंथांनी त्याचा पर्णनर करावा असे सांगितले आहे. पळसाच्या तीनशे साठ देठांची मनुष्याकृती मांडून तिचा दाह करावयाचा, सुतक पाळावयाचे, श्राद्धे सुरू करावयाची. आणि दैवयोगाने तो परत आलाच, तर त्यास घृतस्नान घालून जातकर्मापासूनचे संस्कार पुन्हा करावयाचे, एवढेच नव्हे तर त्याचा आपल्याच पत्नीशी पुनश्च विवाह लावावयाचा. आपल्या पूर्वजांनी बेपत्ता होण्याच्या दुःखाचा किती खोल विचार केला होता हे यावरून दिसते. घरच्या माणसांना अधांतरी ठेवू नये, हा त्यातील हेतू. इंग्रजी कायद्यासही तोच प्रश्न पडला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात अशी तरतूद झाली की, ज्यांना स्वाभाविकपणे वार्ता कळावयास हवी अशांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो मनुष्य जिवंत आहे हे सिद्ध करण्याचा भार तसे म्हणणाऱ्यावर पडतो. २०२४ च्या जुलैपासून नवा कायदा लागू झाला, तरी ही तरतूद त्यात कायम आहे.

आता हिशेब करून पाहावा. १८५९ पासून सात वर्षे १८६६ साली भरली. बारा वर्षे १८७१ साली भरली. म्हणजे १८७४ साली नानासाहेब पेशवे शास्त्राने मृत होते, आणि कायद्याच्या मोजणीनेही मृतच धरण्याजोगे होते. त्यांना जिवंत ठेवले होते ते फक्त दोघांनी. एक, लोकांच्या आशेने. आणि दुसरे, सरकारच्या वॉरंटाने.

नानासाहेबांच्या भोवतीची माणसे एकामागून एक सापडत होती, हे या वॉरंटामागचे कारण असावे. तात्या टोपे १८५८ च्या नोव्हेंबरात नर्मदेकडे आले, होळकरांच्या मुलखात खरगोणच्या बाजूस फिरले आणि नदी उतरून दक्षिणेत पेशव्यांचे निशाण नेण्याची त्यांची धडपड फसली. १८ एप्रिल १८५९ रोजी ते शिवपुरीस फाशी गेले. नानांचे पुतणे रावसाहेब साधूच्या वेषात जम्मूच्या बाजूस राहत असता पकडले गेले आणि २० ऑगस्ट १८६२ रोजी कानपुरास त्यांना फाशी झाली. रावसाहेब असे सापडल्यावर सरकारच्या मनाने घेतले की, पेशवाही अशाच एखाद्या भगव्या कफनीखाली असणार. झाले! त्या दिवसापासून उत्तर हिंदुस्थानात मराठी बोलणारा प्रत्येक गोसावी आणि बैरागी संशयास पात्र झाला. १८६३ साली अजमेरास एकाला नाना म्हणून धरले, कानपुरास पाठविले, आणि तो नाना नव्हे असे ठरले.

ज्यांनी ओंकारेश्वराची यात्रा केली असेल त्यांना माळव्यातील ही वाट ठाऊक आहे. इंदुराहून घाट उतरून नर्मदेवर यावे, तेथे परिक्रमा करणारे साधू कोण, कोठले, हे कोणी विचारीत नाही. संन्याशास पूर्वाश्रम विचारू नये हा आपला शिष्टाचार. त्याने विरजाहोम केलेला असतो, स्वतःचे श्राद्ध स्वतःच्या हाताने केलेले असते. जगाच्या दृष्टीने तो आपण होऊन मेलेला असतो. पोलिसाच्या दृष्टीने मात्र हीच गोष्ट सर्वांत संशयास्पद. ज्याला नाव नाही, गाव नाही, बापाचे नाव सांगावयाचे नाही, तो लपलेला नाही हे सिद्ध कसे करावयाचे? आपल्या धर्मातील एक पवित्र मौन त्या वर्षांत गुन्ह्याची खूण होऊन बसले.

ओळख पटविण्याचे साधन तरी काय होते? नानांचे म्हणून जे चित्र विलायतेस गाजले ते नानांचे नव्हतेच. मेरठकडील एका सावकाराचे चित्र चुकीने नानासाहेब म्हणून छापले गेले, अशी हकीकत एका इंग्रज बॅरिस्टराच्या हवाल्याने सांगतात. बोटांचे ठसे घेण्याची विद्या तेव्हा या कामी आलेली नव्हती. उरली माणसांची आठवण.

आता ग्वाल्हेरीकडे येऊ. बाजीरावांची कन्या बयाबाई ग्वाल्हेरच्या आपट्यांकडे दिलेली होती. तेव्हा पेशव्यांचा कोणी मनुष्य आश्रयास येईल तर ग्वाल्हेरीसच येईल, हा तर्क गैर नव्हता. १८७४ च्या ऑक्टोबरात एक मनुष्य जयाजीराव शिंद्यांपुढे आला किंवा आणला गेला. त्याने आपण नाना असल्याचे कबूल केले. महाराजांनी त्यास इंग्रजांच्या स्वाधीन केले. जयाजीरावांच्या मनात त्या वेळी काय होते हे कादंबरीकाराने लिहावे, इतिहासकाराने नव्हे. परंतु दोन गोष्टी विसरता येत नाहीत. शिंद्यांची सरदारी पेशव्यांची. आणि १ जून १८५८ रोजी तात्या व रावसाहेब यांनी त्यांच्याच राजधानीतून त्यांना आग्र्यास पळावयास लावून ग्वाल्हेरीस नानांच्या नावाने पेशवाईची द्वाही फिरविली होती. उपकार आणि अपमान दोन्ही एकाच घराण्याचे.

इंग्रजांच्या पहाऱ्यात जाताच त्या मनुष्याने कबुली फिरविली. त्यास कानपुरास नेले. पूर्वी नानांना पाहिलेले साहेबलोक आणि देशी माणसे बोलावून त्याचा चेहरा दाखविण्यात आला. कोणी होय म्हणाले, कोणी नाही म्हणाले, कोणी साम्य आहे पण शपथ घेत नाही म्हणाले. सतरा वर्षे! आपण आपल्या गावच्या शाळासोबत्यास इतक्या वर्षांनी खात्रीने ओळखू काय, हे ज्याने त्याने आपल्याशीच विचारून पाहावे. त्या ओळखीवर एका माणसाचा गळा टांगलेला होता, आणि महिन्यापूर्वीच इंदुरात एकाचा टांगला गेला होता. शेवटी सरकारने हा मनुष्य नाना नव्हे असा निर्णय केला. इंग्रज अमलदारांविषयी कितीही कटुता असो, येथे त्यांनी लाखाचे इनाम आणि वर्तमानपत्रांचा गलबला यांस न भुलता संशयाचा फायदा दिला, हे नमूद केले पाहिजे.

मराठ्यांच्या इतिहासात असा प्रसंग पूर्वी एकदा आला होता, व त्याचा एक धागा कोकणात आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ गर्दीत दिसेनासे झाले. पार्वतीबाईंनी वैधव्य पत्करले नाही. १७८३ साली मरेपर्यंत त्यांची आशा तुटली नाही. तिकडे उत्तरेत सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण भाऊ म्हणून उभा राहिला. त्याला पकडून रत्नागिरीच्या किल्ल्यात ठेवले. तेथील मामलेदारच त्याला फितला, कोकणातील किल्ले भराभर त्याच्या हाती आले, आणि पेशवाईचे आसन हलले. १७७६ साली आंग्र्यांनी त्यास पकडले व डिसेंबरात पुण्यात त्याला देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांच्या नाटकाने हे तोतयाचे बंड आपल्याकडे घरोघर पोहोचविले.

या दोन प्रकरणांत मोठा भेद आहे, आणि तो फारसा कोणी सांगितलेला आमच्या वाचनात नाही. भाऊसाहेबांच्या वेळी तोतया म्हणत होता, मी तोच. आणि सरकार म्हणत होते, तू तो नव्हेस. नानासाहेबांच्या वेळी धरलेली माणसे म्हणत होती, मी तो नव्हे. आणि सरकार म्हणत होते, तू तोच. पहिल्या वेळी तोतया गादीच्या लोभाने उत्पन्न झाला. दुसऱ्या वेळी तोतये इनामाच्या लोभाने आणि भीतीने उत्पन्न केले गेले, आणि त्यांची चूक एवढीच की, कोणाला तरी ते कोणासारखे तरी दिसले.

कादंबरीकारांना असे क्षेत्र मोकळे सापडल्यावर ते स्वस्थ कसे बसणार? ग्वाल्हेरच्या प्रकरणानंतर सहाच वर्षांनी, १८८० साली, ज्यूल व्हर्न या प्रसिद्ध फ्रेंच लेखकाची वाफेच्या हत्तीची कादंबरी पुरी झाली. तिचा आरंभ १८६७ सालच्या मार्च महिन्यात औरंगाबादच्या भिंतीवर लागलेल्या इनामाच्या जाहिरातीने होतो. फकिराच्या वेषातील एक मनुष्य ती फाडतो, आणि तो मनुष्य म्हणजे स्वतः नानासाहेब. औरंगाबाद निजामाच्या राज्यात होते, मुंबईच्या गव्हर्नराच्या नव्हे. पण व्हर्न कधी हिंदुस्थानात आलाच नव्हता, तेव्हा ते सोडून द्यावे. सातपुडा, विंध्य आणि नर्मदा, म्हणजे आमचाच हा प्रदेश, त्याने नानांच्या लपण्यासाठी निवडला. बिबीघरात मेली असे समजलेली एका कर्नलाची पत्नी वेड लागून हातात जळते लाकूड घेऊन नर्मदाकाठी भटकते आहे, अशी एक दुसरी बेपत्ता व्यक्तीही त्याने कथेत घातली आहे. तिला तो शेवटी पतीस परत मिळवून देतो. नानांना मात्र तो वाफेच्या हत्तीवर बांधतो आणि बॉयलरचा स्फोट करवितो. पण गंमत अशी की, त्या स्फोटानंतर प्रेत सापडतच नाही! जे लेखणीच्या एका फटक्याने सिद्ध करता आले असते, ते करण्याचे धैर्य व्हर्नसारख्या कल्पक माणसासही झाले नाही.

दुसरी कादंबरी आपल्या अधिक जवळची. जगलबेटचे मनोहर माळगावकर यांनी १९६३ साली इंदूरशेजारच्या देवास थोरल्या पातीच्या पवारांचा इतिहास लिहिला आणि १९७२ साली नानासाहेबांच्याच तोंडून त्यांची कथा सांगणारी इंग्रजी कादंबरी प्रसिद्ध केली. इंग्रजी वाचकांपुढे नानांना माणूस म्हणून उभे करण्याचे श्रेय तिला दिले पाहिजे. त्याच्या थोडे आधी, १९६३ साली, प्रतुलचंद्र गुप्त यांनी सरकारी दप्तरावरून नानांचे चरित्र लिहिले. दोन्ही एकापाठोपाठ वाचावीत.

मराठीत याहून निराळा साक्षीदार आहे, तो वरसईचे विष्णुभट गोडसे. यज्ञाची दक्षिणा मिळवावी म्हणून कोकणातून निघालेला हा भिक्षुक महूच्या वाटेवर असता बंडाच्या वार्तेत सापडला. त्याची हकीकत चिं. वि. वैद्यांनी १९०७ साली छापून काढली. राजेरजवाड्यांच्या कारस्थानांत त्याला रस नाही. आपली पोटली, आपले स्नान, आपली सुटका यांत आहे. अशी माणसे त्या वर्षी हजारो बेपत्ता झाली असतील. विष्णुभट परत आला म्हणून त्याचे नाव आपणांस कळते.

राहिली भाविकांची परंपरा. के. वि. बेलसरे यांनी लिहिलेल्या श्रीब्रह्मचैतन्य गोंदवलेकर महाराजांच्या चरित्रात असे आहे की, पराभवानंतर नानासाहेब नैमिषारण्यात गेले, तेथे त्यांना श्रीमहाराजांची भेट झाली, आणि पुढील आयुष्य त्यांनी गुहेत भगवच्चिंतनात घालवून १९०६ साली देह ठेवला. श्रीमहाराजांचा इंदुराशी जो घनिष्ठ संबंध होता त्यामुळे माळव्यातील मराठी घरांत या कथेस विशेष मान आहे. उलट सौराष्ट्रातील शिहोर येथील परंपरा (हे शिहोर वर आलेल्या सीहोराहून निराळे) म्हणते की, नाना तेथे संन्यासवेषात राहिले व १९०३ साली निवर्तले. नेपाळ धरून एका माणसाचे हे तीन मृत्यू झाले. दोन तरी खरे नव्हेत, हे गणित भक्तासही मान्य करावे लागेल. आमचा स्वतःचा कल नेपाळच्या तापाकडे आहे. एप्रिल १८५९ पर्यंत तावातावाने लिहिणारा मनुष्य त्यानंतर एक ओळही लिहीत नाही, ही गोष्ट आम्हास इतर सर्व कथांहून वजनदार वाटते. परंतु नैमिषारण्याची कथा ऐकताना हात आपोआप जोडले जातात, हेही लपवीत नाही. ज्या माणसाच्या नावावर इतके रक्त लिहिले गेले त्याला अखेरीस नामस्मरणाची पन्नास वर्षे मिळावीत, ही इच्छा त्या कथेच्या पोटी आहे.

इंग्रज पत्रकार पर्सिव्हल लँडन याने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात आणखी एक गोष्ट दिली आहे. १८९५ च्या सुमारास काठेवाडात एका तरुण गोऱ्या अंमलदारापुढे एक जख्ख म्हातारा साधू आला. पोरे त्याला छळीत होती म्हणून पोलिसांनी त्यास चौकीत घेतले होते. झोपेत तो बरळू लागला, आणि त्या बरळण्यावरून अंमलदाराची खात्री झाली की, हाच नानासाहेब. आपले नशीब उघडले असे समजून त्याने कलकत्त्यास तार केली की, नानासाहेबास पकडले आहे, हुकूम कळवावा. उत्तर लागलीच आले. ताबडतोब सोडून द्यावे.